कासरा

स्मरणिकेसाठी लिही, असा शाळेतून निरोप आला तेव्हा डोळ्यांपुढे पहिल्यांदा आला तो आमच्या बैलबंडीचा कासरा.

नववीत होतो. कापूस वेचणीचे दिवस, अर्धा वर्ग वावरात. विज्ञानाच्या सरांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "उद्या येताना कासरा आण, बापू." स्नायूंचा धडा होता. कासऱ्याचं एक टोक माझ्या हाती देऊन सर म्हणाले, "ढकल मला." दोर लोळला. "आता ओढ." सर पाऊलभर पुढे आले.

"स्नायू असाच. फक्त ओढतो. म्हणून बैलाले दोन्हीकडे वळवाले जसे दोन कासरे, तसे हाडाले दोन स्नायू." दंडाच्या पुढचा द्विशिरस्क आखडला की कोपर वाकतं, मागचा त्रिशिरस्क आखडला की सरळ होतं. आम्ही सगळ्यांनी आपापले दंड चाचपून पाहिले.

पुस्तकात तेवढंच होतं. सर पुढे गेले. स्नायूच्या तंतूत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे बारीक धागे असतात. मायोसिनची डोकी ॲक्टिनला धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पुढे धरतात. विहिरीतून बादली शेंदताना आपण हातावर हात टाकत जातो तसंच. धागे आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. १९५४ साली शास्त्रज्ञांच्या दोन वेगवेगळ्या गटांनी हे मांडलं, असं सर म्हणाले.

त्याच पावसाळ्यात माझा आजा गेला होता. रात्री गेला; सकाळी हात छातीवर ठेवायला गेलो तर कोपर वाकेना. ते मनात रुतून बसलं होतं. मी उठलो. "सर, मेल्यावर ओढणारं कोणी नसते, मंग हात कडक काऊन होते?"

कोणी हसलं असतं तर मी वर्गात पुन्हा तोंड उघडलं नसतं. सर माझ्या बाकावर येऊन बसले. "पकड सोडाले बी शक्ती लागते, बेटा. ती एटीपी नावाचं पेशीतलं रसायन देते. जीव गेला की एटीपी बनत नाही, धरलेलं सुटत नाही. मंग एक-दोन दिवसांनी प्रथिनंच मोडू लागतात, तेव्हा अंग सैल पडते." आज्याचा हात मला त्या दिवशी कळला. इतक्या वर्षांत त्याहून मोठं उत्तर मला कोणी दिलेलं नाही.

आता मी फिजिओथेरपी करतो. प्लास्टर काढल्यावर काडीसारखा झालेला हात पाहून सालदार घाबरतात. वखर धरता येईन का, हाच पहिला प्रश्न. कामाविना स्नायूचे तंतू बारीक होतात, पुन्हा ओढू लागले की भरतात, हे मी शेजारी बसून सांगतो. खोलीत खुंटीला एक जुना कासरा बांधलेला आहे. त्याचं टोक त्यांच्या हातात देतो. "ओढा," म्हणतो. दहा आकडे मोजतो. "आता हळूहळू सोडा."