तुमच्यात काय असतं?

परवा दुपारी नाशिकला सीबीएस स्टँडवर सिटीलिंक बसची वाट बघत उभी होते तर कॉलेजमधला एक पोरगा आला, हातात पत्रकांचा गठ्ठा, आणि एकदम म्हणाला, ताई तुम्ही प्रभू येशूविषयी कधी ऐकलंय का. आता ह्याला काय सांगायचं! माझी पणजी शरणपूरची, संडेस्कूलमधे बायबलची वचनं पाठ करून मिळवलेली बक्षिसं अजून मम्मीच्या कपाटात आहेत. मी म्हटलं, हो, थोडंफार. तर तो इतका खूश झाला की पुढचं सांगायचा मला धीरच होईना, पत्रक घेतलं आणि बस आली.

मला स्वतःला हे कधी जमलं नाही. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमधे, साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल सगळ्यांसमोर सांगायला, उभं राहा म्हटलं की मी चप्पल शोधायला लागते. पप्पांना मात्र जमायचं. ते पंचवटी एक्स्प्रेसने अपडाऊन करायचे, सुट्टीत कधी आम्हालाही न्यायचे, आणि पासवाल्यांच्या त्या डब्यात पत्ते, राजकारण, शेंगदाणे हे सगळं चालू असताना पप्पा मधेच येशूच्या सुवार्तेवर यायचे. मी आणि दादा कसारा घाट बघण्यात एकदम गुंग. जणू ह्या गृहस्थांना आम्ही ओळखतच नाही. पण इगतपुरीला वडा आला की पप्पा आधी डोळे मिटायचे, मोठ्याने काही नाही, नुसते ओठ हलायचे, आणि समोरचे काका वडा तसाच हातात धरून थांबायचे कारण आपण एकट्याने सुरुवात कशी करायची. मग विचारायचे, काय हो, तुमच्यात काय म्हणतात जेवायच्या आधी? आमच्यात पण श्लोक असतो. आणि पप्पांच्या आधीच्या सगळ्या भाषणाला जे जमलं नव्हतं ते तिथे सुरू व्हायचं, तेही काकांच्या बाजूने.

ट्रेनवरून आठवलं, कवी ना. वा. टिळकांचं ख्रिस्ती होणंही ट्रेनमधेच सुरू झालं की. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात एक गोरा साहेब भेटला, गप्पा झाल्या, त्याने नवा करार हातात ठेवला आणि वर सांगितलं की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा! म्हणजे पत्रकवाल्या पोराला नाक मुरडायची सोय उरत नाही, हे मान्य. पण त्यांच्या बायकोचं, लक्ष्मीबाईंचं बघा ना. जलालपूरच्या, म्हणजे आपल्या इथल्याच, गोदाकाठच्या. एवढा मोठा कवी, बोलण्यात पटाईत, आणि घरच्याच बाईला काही पटवता येईना. बाईंनी बाप्तिस्मा घेतला तो थेट 1900 साली, स्वतःला पटल्यावर. मला नेहमी बाईंचंच जास्त खरं वाटतं, आता का ते विचारू नका.

पणजीचं शरणपूर म्हणजे तेच, शरणपूर रोडवालं. दिवसभर ट्रॅफिक, पण तिथल्या मिशनमधे 1860 च्या दशकात गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन पोरं राहायची, काम शिकायची, आणि त्यांच्यातलाच एक, जेकब वेनराईट, 1874 ला आफ्रिकेत वारलेल्या मिशनरी लिव्हिंग्स्टनचा मृतदेह सांभाळत इंग्लंडपर्यंत गेला. हे विषय सोडून झालं, माहितीये, पण नाशिकच्या माणसाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

तर परत आमच्या घराकडे, करंज्यांकडे. नाताळला मम्मी करंज्या, शंकरपाळे, केक असं ताट भरून बिल्डिंगभर पाठवायची आणि वर क्रोशाचा रुमाल. दिवाळीला तीच ताटं फराळ भरून परत यायची, कारण रिकामं ताट कोण देतं. त्यात कुणी पत्रक ठेवलं नाही, पप्पांनीसुद्धा नाही, मम्मीने ठेवूच दिलं नसतं. आणि गंमत म्हणजे समोरच्या काकू फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला जायच्या, आम्ही त्यांना कधी जा म्हटलेलं नाही, आम्ही स्वतःच जात नाही, आम्ही प्रोटेस्टंट, आमच्याकडे मूर्ती नाही, नवस नाही. काकू तिथे मेणबत्ती लावून यायच्या आणि येताना आमच्यासाठी बाळ येशूचा फोटो आणायच्या. घ्या, तुमचा देव! पप्पा अवघडून तो फोटो हातात घेऊन उभे, ठेवायचा कुठे हा प्रश्न, आणि मम्मी मागे तोंडाला पदर लावून हसतेय. शेवटी तो टेलिफोन डायरीत राहिला.

आजकाल तर मी आणखीनच गप्प असते, धर्माचा विषय निघाला की समोरचा आधी आपल्या हेतूकडे बघतो, आणि त्यात त्याची तरी काय चूक.

ऑफिसात सोमवारी शेजारच्या टेबलवाल्याने विचारलं, काल फोन का नाही उचलला. म्हटलं, चर्चमधे होते. म्हणजे तुमच्यात काय असतं नक्की? गाणी, प्रार्थना, वचन, उपदेश, मी भराभरा उरकलं. गाणी म्हणजे इंग्लिश? नाही रे, मराठी, भजनंसुद्धा, तबला-पेटीवर. त्याचे डोळे एकदम मोठे झाले. तबला असतो? कोण वाजवतं? हा स्वतः क्लासला जातो, हे मला माहीतच नव्हतं. मग ताल, ठेका असं बरंच काय काय बोलला, मला त्यातलं फार कळलं नाही. शेवटी म्हणाला, रविवारी येऊ का ऐकायला, चालतं का?

म्हटलं, ये की. साडेनऊला. गाडी आणू नको, पार्किंग नाहीये.