पॅसाडीनाच्या बाजारात लॅप स्टीलचं वय शोधताना

पॅसाडीनाच्या रोझ बोल स्टेडियमला महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. सॅन डिएगोहून पहाटे चारला निघालो, उजाडता उजाडता पोचलो. लवकर आत जायचं तिकीट महाग असतं, पण तेच काढा. चांगली वाद्यं सकाळीच उचलली जातात.

गिरगावात मामा हवाईयन गिटार, म्हणजेच लॅप स्टील, वाजवायचे. मांडीवर आडवी घेऊन तारांवरून लोखंडी सळई सरकवायचे. तो सूर अजून कानात आहे, म्हणून मला रिकनबॅकर कंपनीची काळी, बेकेलाइटची (जुन्या, कडक प्लास्टिकची) मॉडेल बी ही लॅप स्टील हवी होती. तिसऱ्या रांगेत सापडली! विक्रेता म्हणाला, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. मी टेप काढली. तारांवर कमानीसारखे वाकलेले नालाच्या आकाराचे दोन चुंबक असतात, त्यांची रुंदी मोजली: सव्वा इंच. युद्धापूर्वीचे दीड इंच असतात. वरचे पत्रेही पांढऱ्या रंगाचे, सुरुवातीच्या वाद्यांवरचे क्रोमचे. म्हणजे ही युद्धानंतरची. त्याला टेप दाखवली, त्याने मुकाट्याने भाव उतरवला. वाद्यावरच्या पेटंट नंबरावर विसंबू नका. पेटंट ऑगस्ट १९३७ मध्ये मिळालं, म्हणून नंबर असला तर वाद्य त्यानंतरचं, एवढंच कळतं. किती नंतरचं, ते चुंबक सांगतो.

शेजारच्या टेबलावर पिवळ्या मोतिया सेल्युलॉइडची फेंडर चॅम्पियन ही दुसरी लॅप स्टील होती. हे मॉडेल १९४९ ते १९५५ दरम्यानचं. मालकाला विचारून बटणांखालची पट्टी उघडली. (विचारल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका.) टॉर्च मारला तर पॉटच्या (आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीवर ३०४१३१. ३०४ म्हणजे स्टॅकपोल कंपनी, १ म्हणजे १९५१, ३१ म्हणजे एकतिसावा आठवडा. ही तारीख पॉटची आहे, गिटार त्याआधी जोडलेली नसणार. पण आधी सोल्डर (वायरी जोडणारा धातूचा डाग) बघा: चकचकीत, ताजं असेल तर पॉट बदललेला असू शकतो आणि मग आकड्याला अर्थ नाही. इथे ते जुनं, मळकं होतं. मन फार झालं, पण पैसे एकीपुरतेच होते.

घेतली बेकेलाइटचीच. उन्हात ती लगेच सुरातून उतरते आणि पडली तर तडकते, म्हणून गोधडी सोबत न्या. गाडीत ठेवून जाऊ नका. परतताना जेवायला थांबलो तेव्हा तिलाही आत नेलं, शेजारच्या खुर्चीवर ठेवलं.