कवाड लायलंस मां?

दुपारी जेवून मागच्या दारी हात धुवायला आलो, तर चांदी माझ्या स्कूटरच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन निवांत बसलेली. रविवारी अख्खा दिवस घालवून मी तिच्यासाठी खुराड्यात नवी दांडी बसवली होती. सागाची, दोन इंच रुंद, कडा कानशीने घासून गोल केलेल्या, म्हणजे बाईसाहेबांच्या पायांना टोचायला नको. त्या दांडीवर चिटपाखरू नव्हतं.

कोंबड्या सहा, आणि अंडी घालायला टोपल्या तीन. तिन्हींत सारखाच पेंढा. तरी सगळ्यांना पहिलीच हवी. आत एक बसलेली असली की बाकीच्या बाहेर रांग लावून कलकलाट करतात, शेजारच्या रिकाम्या टोपलीकडे ढुंकूनही बघत नाहीत.

सुरुवातीला षटकोनी भोकांची स्वस्त जाळी लावली होती. ती जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर नाही, हे कळायला दोन कोंबड्या गेल्या. आता अर्ध्या इंचाची वेल्डमेश आहे, आणि तिचा हातभर पदर बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरून वर माती लोटली आहे. उकरणारं जनावर भिंतीच्या पायाशीच उकरतं, तिथं त्याची नखं जाळीत अडकतात. पहिल्या पावसात ओल नको म्हणून सगळीकडून ताडपत्री गच्च बांधली. सकाळी दार उघडलं तर विष्ठेच्या वाफेने डोळ्यांतून पाणी. आता छपराखाली चार बोटं फट आहे. तिलाही जाळी.

आजीच्या खुराड्याला जाळी नव्हती. जांभ्याचे चिरे नुसते एकावर एक रचलेले, वर फणसाची फळी. सांधे भरलेले नसल्यामुळे वारा खेळायचा. तिला तो खेळवायचा होता की चुना परवडत नव्हता, देव जाणे. तिन्हीसांजेला ती "ती ती ती" करत तांदळाच्या कण्या उधळायची. पिल्लं डालग्याखाली (म्हणीतलं कोंबडंही असल्याच डालग्याखाली झाकलेलं असणार), मोठ्या खुराड्यात. मग अंधारात हात घालून पाठी चाचपत मोजायची. एकदा मला मोजायला लावलं. पिसांखाली ताप आल्यासारखं गरम अंग, आणि हात लागला की घशातल्या घशात "कुर्र". सातापर्यंत मोजलं आणि हात काढून घेतला.

दाराला कडी नव्हती, फुटका पाटा टेकवायचा. ते काम माझं. एका संध्याकाळी विसरलो. सकाळी काजूखाली पिसं होती. आजी काही बोलली नाही. पिसं गोळा करून माडाच्या आळ्यात टाकली आणि चहा ठेवला. पण त्या दिवसापासून रोज संध्याकाळी एकच प्रश्न, "कवाड लायलंस मां?" पुढे मी डोंबिवलीत नोकरीला लागलो तरी फोनवर शेवटी तेच. तिसऱ्या मजल्यावर माझ्याकडे कोंबडी सोडाच, चिमणीही नव्हती. मी "हो" म्हणायचो. तेव्हाच फोन ठेवायची.

आता माझ्या खुराड्याला दोन कड्या आहेत, एक वर, एक खाली, आणि खालच्या कडीत खिट्टी. तरी रात्री एकदा बॅटरी घेऊन बघून येतो. बायको विचारते कुठे गेला होतास. लघवीला, म्हणतो.

एवढ्या खटाटोपात कोंबड्यांना मनापासून आवडलेली गोष्ट एकच. बूड गळलेलं जुनं घमेलं, त्यात चुलीची राख आणि माती. दुपारी त्यात लोळून उवा झाडतात. ते मी केलेलं नाही, टाकून द्यायला ठेवलं होतं.

स्कूटरच्या सीटवर आता गोणपाट घातलंय. म्हटलं, निदान रेक्झीन तरी वाचेल. चांदीने आज त्यावर अंडं घातलं.