नॉमिनी केलं, मृत्युपत्राचं काय?

जळगाव-धुळ्यात समलिंगी जोडीतल्या दोघी मैत्रिणी म्हणून एका खोलीत राहिल्या तर घरमालक सहसा फार खोदून विचारत नाही. पण भांडण झालं की समजूत घालायला मामा-मावशी नसतात. सगळा ताण दोघींवरच. निदान कागद तरी पक्के ठेवा.

२८ ऑगस्ट २०२४ च्या केंद्राच्या खुलाशानुसार समलिंगी जोडीदारासोबत संयुक्त खातं उघडता येतं, नॉमिनीही करता येतं. फसगत इथेच होते: नॉमिनीच्या हाती पैसे येतात, हक्क मात्र वारसांचा राहतो. म्हणून मृत्युपत्र हवंच. साधा कागद चालतो, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. जोडीदाराला साक्षीदार करू नका. मानसिक उपचारांसाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार जोडीदाराला आपला प्रतिनिधी नेमायलाही सहीचा साधा कागद पुरतो. मन मोकळं करायला टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन: १४४१६, मोफत.