तुम्ही विचारलंत म्हणून: हो की नाही?

सोलापुरात कुठंही बोलायला गेले की शेवटी हा प्रश्न ठरलेला. "मॅडम, दोन बटू दीर्घिका जवळ आल्या की नवे तारे जन्मतात ना? हो की नाही तेवढं सांगा." (बटू दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेपेक्षा खूप लहान तारकाविश्वं.) मी "बहुधा" म्हणते आणि लोकांना वाटतं, बाई उत्तर टाळतायत. मी टाळत नाही.

सरासरी विचाराल तर हो. बटू दीर्घिकांच्या जोड्यांच्या २०१५ सालच्या टायनी टायटन्स पाहणीत, एकमेकींपासून साधारण १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांच्या आत असलेल्या जोड्यांमध्ये तारे घडण्याचा वेग एकट्या दीर्घिकांच्या सुमारे २.३ पट निघाला. शेजारणीच्या ओढीनं हायड्रोजन घुसळतो, दाबला जातो. पण एकटी बटू दीर्घिकाही अधूनमधून अशीच पेटते. तिचं गुरुत्व तोकडं. ताऱ्यांचे स्फोट वायू बाहेर ढकलतात, तो परत आला की पुन्हा पेट घेते. मग एका जोडीकडे बोट दाखवून "हे शेजारणीमुळेच" कसं म्हणू?

मी म्हटलं होतं. दोन वर्षं एकाच जोडीवर काम केलं. एक दीर्घिका निळीशार, तरुण ताऱ्यांनी भरलेली, आणि तिला चिकटून दुसरी. चित्र इतकं बोलकं होतं की दुसरीचा वर्णपट, म्हणजे प्रकाशाचे रंग उलगडून तिचा वेग सांगणारी नोंद, घ्यायची घाई मला वाटलीच नाही. तो आला गड्ड्याच्या यात्रेत. घरचे सगळे अक्षता सोहळ्याला गेलेले, मी एकटी लॅपटॉपपुढं. दोघींच्या वेगात सेकंदाला ३००० किलोमीटरचा फरक. विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे जितकी दूर तितकी दीर्घिका वेगानं लांब जाते. म्हणजे दुसरी जवळपास १४ कोटी प्रकाशवर्षं मागं. जोडी नव्हतीच. मी आकडेमोड चार वेळा केली. आई परतली, हातावर तिळगूळ ठेवला, आणि मला रडू आवरेना. काय झालं ते तिला सांगताही येईना.

वर्णपट आधी घ्यायला हवा होता, हे मान्य. पण तेव्हाची मी अगदीच चुकीची होते, हे मान्य नाही. मॅगेलनचे मेघ बघा, आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिका. सोलापुरातून मोठा मेघ क्षितिजावर जेमतेम दोन-तीन अंश येतो, धुळीतच हरवतो; छोटा तर उगवतच नाही. पंधरा-वीस कोटी वर्षांपूर्वी ते एकमेकांवर आदळले आणि मधे वायूचा पूल ओढला गेला. त्या पुलात कोवळे तारे आहेत. धक्क्याशिवाय तो वायू तिथं आलाच नसता. तिथं मी "हो" म्हणते, ठामपणे.

मोठ्या मेघातल्या टॅरंटुला तेजोमेघाचं, म्हणजे तारे जन्मणाऱ्या तिथल्या प्रचंड वायूढगाचं विचारलंत, तर पुन्हा "बहुधा".