साठीनंतर युटा-ॲरिझोनाची नॅशनल पार्कं: आम्ही आखणी कशी केली

युटाची पाच पार्कं (झायन, ब्राइस कॅनियन, कॅपिटल रीफ, आर्चेस, कॅनियनलँड्स) आणि ॲरिझोनाचं ग्रँड कॅनियन एकाच फेरीत बघायचं, गाडी आपणच चालवायची आणि दोघांचीही साठी उलटलेली, असा बेत असेल तर आखणी पार्कांच्या यादीपासून सुरू करू नये. आम्ही आधी दोन आकडे ठरवले. दिवसात जास्तीत जास्त तीन तास ड्रायव्हिंग आणि एका मुक्कामी शक्यतो दोन रात्री. महिना, मार्ग, हॉटेलं, सगळं या दोन आकड्यांत बसवलं आणि जे बसलं नाही ते सरळ काढून टाकलं.

तीन तास कमी वाटतील. पण नकाशा दाखवतो तो वेळ न थांबता गाडी चालवल्याचा असतो. या भागात दर वळणावर थांबावंसं वाटतं, स्वच्छतागृहासाठी तर थांबावंच लागतं, आणि तीनाचे पाच-साडेपाच तास कधी होतात कळत नाही. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही हेही पक्कं केलं होतं. हरणं नेमकी तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात आणि युटातल्या हायवे 12 च्या काही भागात गुरं मोकळी चरतात, मध्ये कुंपण नसतं.

महिन्याचा प्रश्न उंचीमुळे अवघड होतो. जुलैत आर्चेस-कॅनियनलँड्सजवळच्या मोआब गावी पारा 38 अंश सेल्सिअसच्या आसपास असतो आणि जुलै ते सप्टेंबर या काळात वळवासारखा पाऊस कोसळून अरुंद दऱ्यांना अचानक पूर येतात. उलट ब्राइस कॅनियनचा कडा 8,000 ते 9,000 फुटांवर, तिथे मे महिन्यातही रात्री पाणी गोठतं. दोन्ही सांभाळणाऱ्या खिडक्या दोनच: एप्रिलअखेर ते मेचा मध्य, किंवा सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य. आम्ही मे घेतला, दिवस मोठा मिळतो म्हणून. त्यात एक धोका असतो. कॅपिटल रीफजवळच्या टोरी गावापाशी हायवे 12 बोल्डर माउंटनवर 9,600 फुटांपर्यंत चढतो आणि तिथे मेमध्येही कधीकधी बर्फ पडतं, त्यामुळे तो टप्पा एक दिवस मागेपुढे करता येईल अशी सोय ठेवावी.

मार्ग असा: लास व्हेगास ते झायनजवळचं स्प्रिंगडेल 160 मैल, तिथून ब्राइस 85, ब्राइसहून हायवे 12 ने टोरी 120, टोरी ते मोआब 150, मोआब ते मॉन्युमेंट व्हॅली 150, तिथून ॲरिझोनातलं पेज गाव 125, पेज ते ग्रँड कॅनियनचा दक्षिण कडा 135, आणि परत लास व्हेगास 280. सगळं मिळून 1,200 मैलांच्या आसपास, त्यात पार्काच्या आतली धावपळ वेगळी. शेवटचा टप्पा साडेचार तासांचा, म्हणजे नियम मोडणारा. म्हणून वाटेत विल्यम्स किंवा किंगमनला एक रात्र धरावी. स्प्रिंगडेल आणि मोआब तीन-तीन रात्री, मॉन्युमेंट व्हॅली एक, बाकी ठिकाणी दोन. ज्यांच्या हाती दहाच दिवस आहेत त्यांनी मोआबचा नाद सोडावा आणि झायन, ब्राइस, पेज, ग्रँड कॅनियन एवढंच करावं. पाचही पार्कं दहा दिवसांत कोंबणाऱ्यांना आठवतं ते फक्त गाडीचं डॅशबोर्ड.

फेरी या दिशेने करण्यामागे कारण आहे. स्प्रिंगडेल 4,000 फुटांच्या जरा खाली आहे, तिथे दोन-तीन दिवस काढून मग ब्राइसला चढलं की शरीराला सवय होते. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, आणि ब्राइसचा कडा 2,400 ते 2,750 मीटर, एवढं ध्यानात घेतलं तर उंची हा विषय का काढला ते कळेल. धाप लागणं, डोकं जड होणं, झोप न लागणं हे तिथे अनेकांना होतं. आम्ही कड्यालगत मुक्काम न करता दहाएक मैल खाली ट्रॉपिक गावात केला. ते साधारण 6,300 फुटांवर आहे. दिवसा वर जायचं, झोपायला खाली यायचं. रक्तदाबासाठी लघवीचं प्रमाण वाढवणारी गोळी चालू असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी नीट बोलून घ्यावं, कारण हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतच नाही. वाळवंटी पार्कांत दर माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी धरायला सांगतात. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या त्रासामुळे पाण्यावर बंधन असेल, तर हा आकडा आपला नाही, तोही डॉक्टरांनाच विचारायचा.

पार्कांच्या प्रवेशपासाचा हिशेब 2026 पासून बदलला आहे. सीनियर पास 62 वर्षं पूर्ण झालेल्यांना मिळतो, वर्षाचा 20 डॉलर आणि आजन्म 80 डॉलर, पण तो फक्त अमेरिकी नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांसाठी. मुलांकडे व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडिलांना तो मिळत नाही, वय कितीही असो. 1 जानेवारी 2026 पासून परदेशी पाहुण्यांसाठी वार्षिक पास 250 डॉलरचा झाला आहे, आणि पास नसेल तर सर्वांत गर्दीच्या 11 पार्कांत नेहमीच्या प्रवेशशुल्काशिवाय सोळा वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येक माणसाला 100 डॉलर जादा. या मार्गावरची झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅनियन ही तिन्ही त्या अकरांत आहेत. म्हणजे दोघांचे तीन पार्कांत नुसते जादाचे 600 डॉलर, वर प्रत्येक ठिकाणी गाडीचे 35. इथे पास न घेणं परवडत नाही. गेटवर पासाबरोबर फोटो असलेलं ओळखपत्र मागतात, आणि अनेक पार्कांत रोख पैसे घेत नाहीत.

हा पास चालत नाही अशी ठिकाणंही याच रस्त्यावर आहेत. मॉन्युमेंट व्हॅली आणि पेजजवळचं अँटिलोप कॅनियन नावाहो या मूळ रहिवासी जमातीच्या भूमीत आहेत, त्यांचं शुल्क वेगळं. मोआबजवळचं डेड हॉर्स पॉइंट हे राज्याचं पार्क. पेजच्या हॉर्सशू बेंडला पार्किंगचे पैसे गाव घेतं. आर्चेसला 2022 पासून काही हंगाम ठरावीक वेळेचं आरक्षण सक्तीचं होतं. असले नियम दरवर्षी बदलतात, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबू नये, त्या त्या पार्काच्या सरकारी पानावर त्या वर्षीचा नियम बघावा.

राहण्याचं आरक्षण सगळ्यात आधी करायचं. ग्रँड कॅनियनच्या कड्यावरची आणि झायनच्या आतली लॉजेस वर्षभर आधीच भरायला लागतात. मिळालं तर उत्तम, न मिळालं तर पार्काबाहेरची टुसायान आणि स्प्रिंगडेल ही गावं आहेतच. आतलं आरक्षण लोक ऐनवेळी रद्दही करतात, तेव्हा बाहेरची खोली फुकट रद्द होणारी घ्यावी आणि आतल्या जागेवर अधूनमधून नजर ठेवावी. खोली घेताना दोन गोष्टी लेखी मागाव्यात. एक, तळमजला, कारण या गावांतली बरीच मोटेल्स दुमजली असतात आणि लिफ्ट नसते. दुसरी, टबऐवजी पाय उचलावा न लागता आत जाता येईल असा शॉवर. टबाची कड गुडघ्याएवढी उंच, आतला तळ गुळगुळीत, धरायला काही नाही, आणि आपल्याला सवय बादली-मगाची. माणसं बहुधा दरीच्या काठावर नाही, बाथरूममध्ये पडतात.

गाडीसाठी भारतीय लायसन्सबरोबर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओतून निघण्यापूर्वीच काढावं. ते वर्षभर चालतं, अमेरिकेत आल्यावर मिळत नाही, आणि मूळ लायसन्स सोबत लागतंच. दोघंही चालवणार असाल तर दोघांची नावं करारात हवीत, नाहीतर दुसऱ्याच्या हातून काही झाल्यास विमा उपयोगाचा नाही. विमा दोन प्रकारचा असतो: गाडीच्या नुकसानीचा आणि समोरच्याच्या नुकसानीचा. दुसरा टाळण्यात शहाणपण नाही. फोर-व्हील ड्राइव्हची गरज नाही, सगळे मुख्य रस्ते डांबरी आहेत. पण सेडानपेक्षा मध्यम एसयूव्ही बरी, सीट कमरेच्या उंचीला येते आणि गुडघे न वाकवता बसता-उतरता येतं. ताब्यात घेताना डिकी उघडून स्टेपनी आहे का बघावं, काही गाड्यांत नुसता हवा भरायचा पंप असतो. मॉन्युमेंट व्हॅलीचा 17 मैलांचा कच्चा रस्ता भाड्याच्या करारात बहुधा बसत नाही, आणि नावाहो गाइडच्या उघड्या गाडीत कंबरेचे हाल होतात. पाठीचं दुखणं असेल तर व्हिजिटर सेंटरच्या गच्चीवरूनच बघावं, तिथून तिन्ही मोठे सुळके समोर दिसतात.

पेट्रोलचं एक सांगायला हवं. युटात उंचीवरच्या पंपांवर सगळ्यात स्वस्त नळीवर 85 ऑक्टेन लिहिलेलं असतं. भाड्याच्या बहुतेक गाड्यांना किमान 87 लागतं, त्यामुळे मधलं बटण दाबायचं. पंपावर कार्ड घातलं की झिप कोड (तिथला पिनकोड) विचारतो आणि भारतीय कार्ड तिथे अडतं. आत काउंटरवर जाऊन पंपाचा नंबर सांगायचा आणि आधी पैसे भरायचे. टाकी निम्मी झाली की भरायची, पुढचा पंप बंद असू शकतो.

घड्याळाचा घोळ हा या फेरीतला सगळ्यात फसवा भाग. युटा नेव्हाडाच्या एक तास पुढे असतं. उन्हाळ्यात अमेरिकेत बहुतेक ठिकाणी घड्याळं तासभर पुढे करतात. ॲरिझोना ते करत नाही, पण ॲरिझोनातलाच नावाहो प्रदेश करतो. पेज गाव ॲरिझोनाच्या वेळेवर चालतं आणि अँटिलोप कॅनियनच्या पेजजवळच्या टूरही त्याच वेळेवर निघतात, मात्र फोन जवळच्या दुसऱ्या टॉवरला चिकटला की तासभर पुढची वेळ दाखवतो. मनगटी घड्याळ पेजला लावून टाकायचं आणि फोनकडे बघायचं नाही. अँटिलोपचं वरचं कॅनियन आतून सपाट आहे, खालच्यात उभ्या लोखंडी शिड्या आहेत. वरचंच घ्यावं, मात्र परतीची वाट बाहेरून रॅम्प आणि पायऱ्यांची आहे.

पार्काच्या आत कुठे किती चालायचं, हेही घरीच ठरवलं. झायनमध्ये साधारण मार्च ते नोव्हेंबर मुख्य दरीत खाजगी गाडी नेता येत नाही, मोफत शटल असते. सकाळी नऊनंतर रांग वाढते आणि पार्किंग संपतं, त्यामुळे स्प्रिंगडेलमध्ये गाडी ठेवून गावातलीच शटल पकडायची. शेवटच्या थांब्यावरून नदीकाठाने जाणारा रिव्हरसाइड वॉक जाऊन-येऊन 2.2 मैलांचा, पक्का, फारसा चढ नसलेला. ब्राइसला 18 मैलांचा रस्ता आहे. आधी न थांबता टोकाला रेनबो पॉइंटला जायचं आणि येताना थांबत यायचं, कारण सगळे व्ह्यू पॉइंट पूर्वेला, म्हणजे परतताना उजव्या हाताला येतात. डावीकडून चालवायची सवय असलेल्याला समोरची वाहतूक कापून वळणं टाळता येतं, ही मोठीच सोय. तिथे खाली उतरणाऱ्या वाटांपासून सावध राहावं. उतरताना छान वाटतं, आणि दमल्यावर 600 फूट चढायचे असतात, तेही आठ हजार फुटांवर. सनसेट ते सनराइज पॉइंट हा कड्यावरचा अर्ध्या मैलाचा पक्का रस्ता पुरेसा आहे.

आर्चेसमधली डेलिकेट आर्च जवळून बघायची तर जाऊन-येऊन तीन मैल, 480 फूट चढ, सावली शून्य. तीच कमान लोअर व्ह्यू पॉइंटवरून पार्किंगपासून शंभरएक यार्ड सपाट चालून दिसते, लहान दिसते पण दिसते. ग्रँड कॅनियनला सात मैलांचा हर्मिट रोड मार्च ते नोव्हेंबर खाजगी गाड्यांना बंद असतो. चालण्याचा त्रास असलेल्यांसाठी तिथे ॲक्सेसिबिलिटी परमिट मिळतं, गेटवर किंवा व्हिजिटर सेंटरला मागायचं, मग आपली गाडी आत नेता येते. पेजकडून येताना पूर्वेच्या डेझर्ट व्ह्यू गेटने शिरावं, तो वीसेक मैलांचा रस्ता वर्षभर गाडीला खुला असतो आणि गर्दीही कमी.

व्हिजिटर इन्शुरन्स घेताना आधीच्या आजाराबद्दलचं कलम वाचावं. बऱ्याच पॉलिसी त्या आजाराचा अचानक आलेला झटका तेवढा धरतात, नेहमीची तपासणी-उपचार नाहीत, आणि सत्तरीनंतर मर्यादा खाली येते. मोठं हॉस्पिटल या पट्ट्यात दोन-तीन तासांवर असू शकतं, म्हणून एअर ॲम्ब्युलन्सचा खर्च त्यात आहे का तेही बघावं. औषधं जनरिक नावांच्या चिठ्ठीसह, अर्धी हातातल्या पिशवीत, अर्धी सामानात. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवायचं नाही.

फोनला निम्म्याहून अधिक वाटेवर रेंज नसते. नकाशा ऑफलाइन उतरवावा, नॅशनल पार्क सर्व्हिसच्या ॲपमध्येही प्रत्येक पार्काची माहिती ऑफलाइन ठेवता येते, आणि बुकिंगचे कागद छापून घ्यावेत. घरून विजेची किटली किंवा छोटा कुकर नेऊ नये. तिथे वीज 120 व्होल्टची, आपली 230 ची किटली पाणी कोमट करून सोडते. पंधरा-वीस डॉलरची तिथलीच घ्यावी आणि लास व्हेगासला परत आल्यावर हॉटेलातच ठेवून द्यावी.