ठरावाचा बाजार

जिल्हा मध्यवर्ती बँकांच्या निवडणुका जवळ आल्या की आमच्या सातारा-सांगली पट्ट्यात पहिली धावपळ विकास सोसायट्यांच्या, म्हणजे गावोगावच्या शेतीकर्ज देणाऱ्या सहकारी संस्थांच्या, ठरावांसाठी सुरू होते. बँकेच्या संचालक मंडळातल्या सोसायटी गटाच्या जागांसाठी सामान्य सभासदाला थेट मत नसते. सोसायटीने ठराव करून ज्याचे नाव पाठवले, तोच मतदान करतो. तालुक्यात असे मतदार मोजकेच असल्याने एकेका मताचा भाव चढतो.

चर्चा मात्र आदल्या रात्रीच्या पाकिटांचीच होते. माझ्या मते खरा व्यवहार प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, नाव लिहितानाच उरकलेला असतो. एका सोसायटीच्या बैठकीत मी पाहिले आहे : विषय वाचले गेले, सगळ्यांच्या सह्या झाल्या, पण प्रतिनिधीच्या नावाची जागा कोरी राहिली आणि नाव 'वरून' आल्यावर सचिवांनी ती भरली. पुढे ते प्रतिनिधी मतदानाच्या दिवसापर्यंत 'सहलीला' गेले. पैसे कोणी, कुणाला दिले हे मी पाहिलेले नाही. कोरी जागा तेवढी पाहिली.

कायद्याची स्थिती चमत्कारिक आहे. भारतीय न्याय संहितेत (1 जुलै 2024 पूर्वी दंड संहितेत) मतासाठी लाच देणे आणि घेणे हे दोन्ही गुन्हे आहेत. एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, तर लाच केवळ खाण्यापिण्याच्या रूपात असेल तर फक्त दंड. ढाब्यावरच्या मटणाच्या पंगती इतक्या निर्धास्त का उठतात, ते यावरून कळावे. परंतु संहितेत 'निवडणूक' म्हणजे विधिमंडळ, नगरपालिका किंवा अन्य सार्वजनिक प्राधिकरणाची. सहकारी संस्थेचे नाव त्यात नाही, त्यामुळे बचावाचा पहिला मुद्दा तिथेच तयार असतो. उलट 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यानुसार शेती, उद्योग, व्यापार वा बँकिंग क्षेत्रातील, सरकारी अर्थसाहाय्य घेतलेल्या सहकारी संस्थेचा अध्यक्ष लोकसेवक ठरतो. म्हणजे खुर्चीत बसल्यावर घेतलेली लाच लोकसेवकाची, आणि त्या खुर्चीपर्यंत नेणारे मत विकले गेले, तर तो गुन्हा आहे की नाही यावर वाद! निवडणुकीला सहकार कायद्याच्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात आव्हान देता येते, हे खरे; पण तिथे पुरावा द्यायचा कोणी? घेणाराही दोषी असल्यावर साक्षीला कोण उभे राहील?

प्रत्येक आश्वासन म्हणजे लाच, असे मी म्हणत नाही. साखर कारखान्याच्या निवडणुकीत उसाला जादा दर देऊ असे पॅनेलने उघडपणे सांगितले, तर ते धोरण झाले; सभासदांनी ते तपासावे आणि मत द्यावे. मात्र विरोधात गेलेल्याच्या फडात तोडणीची टोळी उशिरा पाठवणे, किंवा मतदानाच्या तोंडावर संस्थेच्याच पैशातून भेटवस्तू वाटणे, हे मला पाकिटापेक्षा गंभीर वाटते. पाकिटात निदान उमेदवाराचे स्वतःचे पैसे असू शकतात. इथे सभासदाच्या मालकीच्या संस्थेकडूनच त्याला धाक किंवा आमिष दाखवले जाते. 1960 च्या सहकार कायद्याने, भाग (शेअर) कितीही असले तरी सभासदाला एकच मत दिले, ते पैशाचे वजन मतपेटीपर्यंत पोहोचू नये म्हणूनच.

राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण आल्याने मतदानाचा दिवस पुष्कळ शिस्तीचा झाला आहे. ठरावाच्या बैठकीकडे मात्र अजून फारसे कुणी पाहत नाही. प्रतिनिधीचे नाव सह्यांपूर्वी लिहिले जावे आणि ठरावाची प्रत त्याच दिवशी सोसायटीच्या फलकावर लागावी, एवढी मागणी तर कोणताही सभासद येत्या वार्षिक सभेत लेखी देऊ शकतो.